कार्ब्युरेटर नावाचा संन्यासी

जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार सहसा पाच शब्दांची असते : गाडी कधी कधी मिसिंग करते. यातले तीन शब्द गॅरेजमध्ये नीट पोहोचतात. गाडी म्हणजे ही समोर उभी आहे ती, मिसिंग म्हणजे इंजिन अडखळतंय, आणि करते म्हणजे आज बोहनी झाली. उरलेले दोन, एक 'कधी' आणि दुसरा 'कधी', बॉनेट उघडण्याच्या करकरीत विरून जातात. माझं म्हणणं असं की रोगाचं निदान नेमकं त्या दोन शब्दांत दडलेलं असतं, आणि ते कोणी ऐकून घेत नाही म्हणूनच असंख्य निरपराध कार्ब्युरेटरांना दर दोन महिन्यांनी खोलून रॉकेलची आंघोळ घातली जाते.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ, कारण तिच्याइतकी मुंबईच्या अंगवळणी पडलेली दुसरी गाडी नाही. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडू लागली आणि १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे राणीचं नाव मिळालं. राणीच्या वाट्याला टॅक्सीचा काळापिवळा वेश आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा गाठून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने तोही उतरवला. आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांकडे. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते; मात्र ती रोजच्या कामाला काढायची नाही, प्रदर्शनाबिदर्शनाला न्यायची. म्हणजे जिने उभा जन्म पळण्यात घालवला तिला म्हातारपणी मुख्यतः उभं राहण्याचं काम आलं, आणि नेमकं उभं राहणंच तिला जमत नाही. पळताना ठीक असते. सिग्नलला थांबली की अंगात आल्यासारखी थरथरते, आरशातली मागची बस एकाच्या दोन दिसू लागते, आणि मालक चेहरा कोरा ठेवून उजव्या पायाने हळूच रेस देत राहतो. व्याख्यानात डुलक्या घेणाऱ्या काकांना शेजारच्याने कोपराने ढोसत राहावं तसा. हीच गाडी मेकॅनिकच्या दारात नेली की शिवणयंत्रासारखी एका लयीत चालते. पाहुण्यांसमोर कविता म्हणून दाखव म्हटलं की मुकं होणारं मूल आणि मेकॅनिकसमोर न अडखळणारी गाडी ही एकाच कुळातली.

आयडलिंग म्हणजे काही न करता जिवंत राहणं. सरकारी कचेऱ्यांत ही कला सिद्ध झालेली असली तरी इंजिनाला ती अवघड जाते. मिनिटाला ८०० फेरे धरले तर चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला १,६०० ठिणग्या पडाव्या लागतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७. प्रत्येक ठिणगीच्या वेळी तिथे पेट्रोल हजर हवं आणि त्याच्या वजनाच्या साधारण चौदा-पंधरा पट हवा हजर हवी. गाडी वेगात असताना एखादी ठिणगी चुकली तर गडबडीत खपून जाते. द्रुत लयीत एखादी मात्रा निसटली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. विलंबितात ती सगळ्या मांडवाला ऐकू येते. त्यातून या अवस्थेत कार्ब्युरेटरचा हमरस्ता बंदच असतो. अरुंद गळ्यातून जोरात जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येतं, हे त्याचं मुख्य तत्त्व. पण थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असताना हवेला तेवढा वेगच नसतो. म्हणून पेट्रोल येतं ते मागल्या दाराने, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं भोक असलेल्या एका वेगळ्या जेटमधून, चकतीच्या खालच्या बाजूला. आणि खाली तर निर्वाताची ओढ अशी असते की पाऱ्याच्या मापाने ती १६ ते २० इंच भरते. एवढी ओढ असताना पॅकिंगमधल्या केसाएवढ्या फटीतूनही इंजिन हवा पिणार. मेकॅनिक लोक 'गाडी हवा घेते' म्हणतात ते अगदी अक्षरशः खरं आहे.

आता एवढ्या सगळ्या मंडळींत संशय नेहमी कार्ब्युरेटरवरच का जातो? एक तर तो सगळ्यात वर बसलेला असतो. एअर फिल्टरचं झाकण काढलं की तोंड वासून, निःसंग मुद्रेने, आकाशाकडे पाहत असलेला दिसतो. दुसरं म्हणजे त्याच्या अंगावर बाहेरून फिरवता येतील असे दोन स्क्रू असतात. माणसाच्या हाताला फिरवण्याजोगी वस्तू दिसली की मेंदू तिला कारण मानू लागतो. पंखा हळू झाला की आपण रेग्युलेटर फिरवतो, टीव्ही बिघडला की परवापरवापर्यंत अँटेना फिरवत होतो. कंडेन्सरला फिरवण्यासारखं काही नाही, कॉईल तर सीलबंद डबा. त्यांच्याशी काय बोलणार? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यामागे आपले पूर्वज मूर्ख होते असं नाही. संन्याशी सापडायला सोपा असतो, एका जागी बसलेला असतो आणि त्याच्याकडे वकील नसतो.

पण साक्षीपुरावा काय सांगतो पाहा. मिक्स्चरचा स्क्रू पितळेचा असतो आणि तो जागचा हलू नये म्हणून त्याच्या मानेवर घट्ट स्प्रिंग बसवलेली असते. तो चुकीचा लागलेला असेल तर सोमवारी चुकीचा असेल, मंगळवारी चुकीचा असेल, आणि मेकॅनिकच्या दारातही तितकाच चुकीचा असेल. सोमवारी बिघडून मंगळवारी शहाणपणाने स्वतःच पूर्वपदावर येणारा स्क्रू अजून कोणी बनवलेला नाही. जो दोष येतो आणि जातो, त्याच्या मुळाशी येणारी आणि जाणारीच वस्तू असली पाहिजे. गाडीत अशा वस्तू मोजक्याच : उष्णता, ओल, वाहता कचरा, आणि हलणारी सैल जागा. स्क्रू यांपैकी कशातच बसत नाही. न्यायालयात याला तो त्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा म्हणतील. आमचा संन्याशी तर त्याच जागी होता, पण हललाच नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : अहो, पण स्क्रू फिरवला आणि गाडी सुधारली, त्याचं काय? कावळा बसला आणि फांदी मोडली, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली दिलं होतं, अर्थात गाड्यांबद्दल नव्हे. त्याने उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजली आणि दाखवलं की फार उंच माणसांची मुलं बहुधा त्यांच्यापेक्षा थोडी कमी उंच, म्हणजे सरासरीच्या जवळची निघतात. टोकाच्या गोष्टीनंतर साधारण गोष्ट येण्याचा संभव जास्त. आता मालक गाडी गॅरेजला कधी नेतो? थोडी अडखळली तेव्हा नाही. चौकात मागचे सगळे हॉर्न एका सुरात लागले आणि चिरंजीवांनी उतरून धक्का मारायला नकार दिला, तेव्हा. त्या टोकानंतर गाडीने बरं वागायचं हे जवळपास ठरलेलंच. त्या दिवशी स्क्रू फिरवा, प्लग बदला, किंवा बॉनेटवर लिंबू-मिरची बांधा, श्रेय ज्याचं त्याला मिळेल. सर्दी औषधाने आठवड्यात बरी होते आणि बिनऔषधाची सात दिवसांत, हे आपल्याला नाकाच्या बाबतीत पटतं. मॅनिफोल्डच्या बाबतीत पटत नाही.

शिवाय सुधारणा पूर्णपणे आभासी असते असंही मी म्हणत नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. कुठून तरी जादा हवा शिरत असेल आणि तुम्ही स्क्रू सैल करून पेट्रोल वाढवलंत, तर हिशेब जुळतो आणि इंजिन दोन दिवस खूश होतं. पण फट तापल्यावर मोठी होते, थंड असताना मिटते. वाढवलेलं पेट्रोल मात्र चोवीस तास वाढलेलंच. प्लगवर काजळी धरते, ॲव्हरेज पडतं, आणि तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा दारात हजर होते. आता दोन रोग घेऊन. दुसऱ्या फेरीत प्लग काळे दिसतात, त्यावरून 'बघा, कारबोरेटरच!' असा निकाल लागतो. आधी फाशी आणि मग गुन्हा, असा हा खटला चालतो.

खरा चोर बहुतेक वेळा शेजारच्या घरात राहतो. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्या गॅरेजांत 'डेल्को' म्हणतात. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी अमेरिकेत डेटन गावात १९०९ साली काढलेल्या कंपनीच्या नावाची ती आद्याक्षरं. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं ते नाव इथवर आलं आणि मोठ्या सन्मानाने स्थायिक झालं. या डेल्कोच्या पोटात पॉइंट नावाची इवलीशी जोडी असते. तिच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि आयडलिंगला ती मिनिटाला १,६०० वेळा उघडते-मिटते. एवढ्या वेळा उघडझाप करणाऱ्या कोणत्याही दाराची बिजागरी ढिली होणार की नाही? पॉइंटवर खड्डे पडतात, खालची चकती डुगडुगते, मधला दांडा बुशात खेळू लागतो आणि फट दर फेऱ्याला वेगळी होते. पॉइंटला जाणारी एक बारीक तार असते. ती अनेकदा आतून तुटलेली असते आणि वरच्या वेष्टणाने फक्त लाज राखलेली असते. गाडी हलली की तुटलेली टोकं एकमेकांना भेटतात, पुन्हा दुरावतात. 'कधी कधी' या शब्दांचं यापेक्षा नेमकं यंत्ररूप मला माहीत नाही. कंडेन्सर आणि कॉईल यांची तऱ्हा निराळी : थंड असताना सज्जन, तापले की बिथरलेले, आणि गॅरेजपर्यंत टो करून नेईतो पुन्हा सज्जन. डेल्कोच्या टोपीला गेलेला केसासारखा तडा उन्हाळाभर गप्प बसतो आणि जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दमट हवेत तिथून वीज आडवाटेने पळू लागते. अशा वेळी रात्री काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर जुन्या वायरींवरून निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. गाडीच्या अंगात येतं म्हणणाऱ्यांनी एकदा तो देखावा जरूर पाहावा. देव्हाऱ्यापेक्षा वायरी बदलणं स्वस्त पडतं.

दुसरा आक्षेप उस्तादांच्या बाजूने येतो. जुन्या मेकॅनिकचा कान हे काय साधन नाही का? आहेच. बॉनेटवर हात ठेवून टॅपेट सैल आहे की एखादा सिलिंडर मेला आहे हे सांगणारी माणसं मुंबईत होती आणि थोडी अजून आहेत, आणि त्यांच्यापुढे मी टोपी काढतो. पण कान जे वाजतं तेच ऐकू शकतो. दोष हजर नसताना निदान करायला सांगणं म्हणजे वैद्याला कालच्या तापाची नाडी दाखवण्यासारखं. उस्तादांचा अनुभव खोटा नसतो. त्यांच्यासमोर आलेली गाडी मात्र त्या क्षणी निरोगी असते, आणि निरोगी गाडीलाही काहीतरी केल्याशिवाय परत पाठवणं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बरं दिसत नाही. 'काही सापडलं नाही, पुढच्या वेळी होत असतानाच आणा' असं सांगणाऱ्या मेकॅनिकला आपण पैसे देतो का? नाही. स्क्रू पाव फेरा फिरवणाऱ्याला देतो. मग तो बिचारा काय करणार?

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे आणि त्यात दम आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या अंगी स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटांच्या मापाने मिश्रण थोडं पातळ पडतं, हे रसायनशास्त्र आहे, अफवा नव्हे. तेव्हा कार्ब्युरेटरचं सेटिंग बदलायला नको का? हवं, अवश्य. पण पातळपणा हा कायमचा पाहुणा आहे. टाकीत जोवर ते पेट्रोल आहे तोवर तो सकाळ-संध्याकाळ सारखाच राहणार. गुरुवारी येऊन शुक्रवारी जाणाऱ्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. इथेनॉल आडून मात्र घात करू शकतं : जुन्या रबराला ते मानवत नाही, हवेतली ओल ते धरून ठेवतं, आणि पन्नास वर्षांच्या टाकीत बसलेला गंजाचा थर मोकळा करून पुढे पाठवतं. तो कचरा जेटच्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाशी येऊन बसतो, इंजिन अडखळतं. धक्का बसला की बाजूला होतो, इंजिन सावरतं. हा खरा 'कधी कधी'वाला आरोपी, आणि राहतो कार्ब्युरेटरच्याच घरात.

म्हणजे संन्याशी अगदीच निर्दोष नाही, हे मला मान्य करावं लागेल. थ्रॉटलचा आडवा दांडा झिजला असेल तर रेस सोडल्यावर तो दर वेळी वेगळ्या जागी विसावतो आणि त्याच्या दोन्ही कडांनी हवा शिरते. फ्लोटची सुई अडकते आणि सुटते. पण यांतला एकही गुन्हा स्क्रूचा नाही, आणि एकावरही स्क्रू हा इलाज नाही. कचरा असेल तर जेट काढून उलट्या बाजूने हवा मारावी लागते. तार घालून कोरलं तर भोक मोठं होतं आणि मग ते जन्माचं. दांडा झिजला असेल तर बुश घालावे लागतात. आणि एका गुन्ह्यात तर गुन्हेगार आपणच असतो. साफसफाईसाठी कार्ब्युरेटर दर वेळी उतरवून पुन्हा 'टाइट' करताना त्याचं मऊ धातूचं बूड हळूहळू वाकतं, पॅकिंग सपाट बसेनासं होतं आणि खालून हवा शिरू लागते. सुरुवातीला ज्याचा काही संबंध नव्हता, त्याला इतक्या वेळा अटक झाली की शेवटी तो खरोखरच गुन्हेगार बनला. तुरुंगांबद्दल असं म्हणतात. कार्ब्युरेटरबद्दलही म्हणायला हरकत नाही.

याशिवाय एक पंथ 'वय झालं हो तिचं' म्हणणाऱ्यांचा. त्यांना एवढंच विचारायचं की वय कधी कधी होतं का? मंगळवारी वय झालं आणि बुधवारी उतरलं, हे फक्त लग्नाच्या जाहिरातींत घडतं. आणि श्रीमंतांचा पंथ म्हणतो, सगळंच बदलून टाका : पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, टोपी, वायरी, एकदमच. याने कधी कधी गाडी सुधारते हे खरं. पण नवा कंडेन्सर जुन्यापेक्षा चांगला असतोच असं नाही, आणि पाच वस्तू एकदम बदलल्यावर नवा दोष आला तर संशयित पाच होतात, सगळे नवे कोरे आणि सगळे निरागस चेहऱ्याचे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी एक चाळीस पानी वही घ्यावी आणि त्या दोन दुर्लक्षित शब्दांचा हिशेब ठेवावा. गाडी थंड असताना अडखळली की तापल्यावर? पाऊस होता का? पेट्रोल कधी भरलं होतं? एकच सिलिंडर ठराविक ठेक्यात चुकत होता की सगळं इंजिन वर-खाली झोके घेत होतं? ठेक्यातली चूक ठिणगीकडे किंवा झडपेकडे बोट दाखवते, झोके हवेकडे किंवा पेट्रोलकडे. मग टायमिंग लाइटचा चिमटा एकेका प्लगच्या वायरीला लावून अडखळण्याची वाट पाहावी. दिवा चुकला तर ठिणगी चुकली. दिवा शांतपणे लुकलुकत राहिला आणि इंजिन तरीही धडपडलं, तर आता, अगदी आत्ता, पेट्रोल आणि हवेकडे वळायला हरकत नाही. या सगळ्याला एखादा रविवार जातो. त्या रविवारी गाडी अडखळणारच नाही, हीही शक्यता आहे. तसं झालं तर वहीत तेवढंच लिहावं आणि जेवायला जावं.

आणि समजा सापडलं. डेल्कोतली ती वेष्टणाने लाज राखलेली तार निघाली, पाच मिनिटांत बदलली, थरथर थांबली. तरी काम संपत नाही, कारण मधल्या वर्षांत अर्धा डझन हातांनी तो स्क्रू निष्कारण फिरवून ठेवलेला असतो. आता त्याला नीट लावणं भाग आहे : हलक्या हाताने पुरता आत, आवळायचा नाही, नाहीतर सुईच्या टोकाला खाच पडते, मग साधारण दीड फेरा बाहेर, इंजिन चांगलं तापवायचं, आणि जिथे आवाज सगळ्यात भरदार आणि एकसंध होईल तिथे थांबायचं. हे करतो उस्तादच, कान देऊन, आणि सुरेख करतो. मालक शेजारी उभा असतो. तार बदलली तेव्हा तो समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलेला असतो, त्याला दिसतो तो फक्त शेवटचा पाव फेरा आणि त्यासरशी राणीसारखी शांत झालेली पद्मिनी. संध्याकाळी घरी जाऊन तो बायकोला सांगतो, 'मी म्हणत नव्हतो? शेवटी कार्ब्युरेटरच होता.'